मानेतला वारा

करडी गावातल्या निम्म्याहून जास्त आया गिरजाबाईच्या हाताखालून गेल्या आहेत. मीही गेले आहे, दोन्ही बाळंतपणांत, तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही. आमची भिंतीला भिंत आहे. ती बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावते, मी शिलाई करते. गावात मूल जन्मलं की पहिलं बोलावणं तिला जातं आणि दुसरं मला, झबल्यांसाठी.

दिसायला ती बुटकी, हाडापेराने रुंद, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तलावापलीकडचा माणूस वळून बघेल. हे काम तिच्या सासूचं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या साली सासू गेली आणि काम गिरजाबाईकडे आलं. "जिल्ह्याचे दोन हिस्से झाले," ती म्हणायची, "पन माह्या सासूच्या कामात मले हिस्सेकरी नाही भेटली. सारा गाव माह्याच बोकांडी." बोलणं तक्रारीचं, पण चेहरा वतन मिळालेल्या माणसाचा. नवरा देवाजी लवकर गेला. एक मुलगा भोजराज, तो मोहाडीला राईस मिलमध्ये कामाला. बाकी तिचा सगळा संसार म्हणजे तेलाची वाटी.

तिच्या कामाची एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. जवसाचं तेल, त्यात ओवा आणि लसूण कढवलेला. आधी तळपाय, मग पोटऱ्या, कंबर, पाठ, खांदे, डोकं. पाठीवर तिचा अंगठा फिरला की बाई आधी कण्हायची आणि मग तिथेच पेंगायची. बाळंतिणीच्या कानाला फडकं कशाला बांधतात, तर वारा शिरू नये म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गिरजाबाईचं म्हणणं असं की फडकं बांधा नाहीतर गोधडी बांधा, बाळंतपणात बाई उघडी पडते आणि वारा शिरतोच. शिरतो आणि मानेत बसतो. म्हणून सगळ्यात शेवटी ती बाईच्या मागे गुडघ्यांवर उभी राहायची, एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे, आणि बोलण्यात गुंतवून मान एकदम फिरवायची. कड्. मग दुसऱ्या बाजूने. कड्. "गेला वारा," म्हणायची आणि हात पुसायची.

खोटं कशाला बोलू, तो आवाज झाला की फार बरं वाटायचं. अंगावरून पोतं उतरवल्यासारखं. दोन्ही बाळंतपणांत मी त्या आवाजाची वाट पाहत बसायचे. आवाज झाला नाही तर पैसे फुकट गेले असं बायकांना वाटायचं. आरोग्य केंद्रातली नर्स एकदा येऊन सांगून गेली की मानेला हिसके देऊ नका. गिरजाबाईने तिला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर म्हणाली की पोरीचं अजून लग्न व्हायचं आहे, तिला काय कळणार. आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले.

भोजराजचं लग्न झालं, सून आली रिता. बोलकी पोरगी. इतकी बोलकी की माझी मशीन थांबली की भिंतीपलीकडून तिचं बोलणं ऐकू यायचं, आणि मशीन चालू असली तरी यायचं. सासूची नक्कल करून सासूलाच हसवायची. गिरजाबाई वरवर रागवायची, पण गावभर सुनेचं कौतुक सांगत फिरायची. रिताला दिवस गेले तेव्हा तर ती सांगायची की गावाच्या सुनांना तेल लावून लावून हात तयार केला तो या दिवसासाठी.

बाळंतपण भंडाऱ्याला झालं. सोपं नव्हतं. बाळ अडून बसलं होतं आणि रिताला फार जोर करावा लागला. चेहरा, डोळे सगळं लाल करून घरी आली, पण आली हसत. मुलगी झाली होती. गिरजाबाईने खाटेखाली शेगडी ठेवली, दार अर्धं लोटलं आणि कामाला लागली. इतरांच्या घरी ती एकदा तेल लावायची, घरच्या सुनेला दोनदा.

आठवडा गेला असेल. रिताची डावी मान दुखू लागली. डोकंही डाव्याच बाजूने. आणि एक विचित्र गोष्ट ती सांगायची की डाव्या कानात काहीतरी वाजतं, शेतावरची मोटर लांबून ऐकू येते तसं, छातीच्या ठोक्याबरोबर. मी बाळाची टोपडी द्यायला गेले होते तेव्हा तिची डावी पापणी जरा खाली आलेली मला दिसली. झोप नाही झाली, म्हटलं. बाळंतिणीला कुठली झोप. गिरजाबाईला तर काही शंकाच नव्हती. कानात वाजतं म्हणजे वारा. आत शिरलेला आता वाजूही लागला आहे. यापेक्षा आणखी पुरावा काय पाहिजे?

तिने त्या दिवशी जास्त वेळ डोकं चोळलं आणि मग मान मोडली. डावीकडे एवढा मोठा आवाज झाला की मी सुई हातात धरून थांबले, माझ्या घरात. रिता म्हणाली की हलकं वाटलं. गिरजाबाईने मला भिंतीवरून ओरडून सांगितलं की लई दिवसाचा भरलेला होता, निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिताच्या उजव्या हातातून पेला पडला. ती पेल्याकडे बघत राहिली. सासूने विचारलं काय झालं, तर तिने तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. चेहरा एका बाजूने उतरला होता. गिरजाबाईची हाक मी जन्मभर ऐकत आले आहे, पण त्या दिवशी तिने मारली ती मला ओळखू आली नाही. रुग्णवाहिका आली, भंडाऱ्याला नेलं, तिथून लगेच नागपूरला पाठवलं. मांडीवर दूध मागणारं पोर घेऊन गिरजाबाई मागे बसून गेली.

पुढचं मला भोजराजने सांगितलं. डोक्याचे आणि मानेचे फोटो काढले. डॉक्टरीण बाईने समजावलं की मेंदूला रक्त नेणारी मानेतली मोठी नळी आतून फाटली आहे. वरून धड, आतला थर सुटलेला. त्या फटीत रक्त शिरलं, गुठळी झाली आणि ती पुढे मेंदूत जाऊन अडकली. मला हे लगेच कळलं. ब्लाउजचं अस्तर आतून फाटलं तर वरून काही दिसत नाही, आणि हात घालायला जावं तर नेमका त्याच फटीत जातो. बाळंतपणानंतरच्या दिवसांत क्वचित एखाद्या बाईला असं होतं, म्हणाली. मग तिने विचारलं की मानेला काही झटका बसला होता का, कुणी मान मोडली का.

भोजराज म्हणाला, नाही. का म्हणाला ते त्यालाही सांगता येत नाही. आईला वाचवायचं होतं, की दवाखान्यात आपण अडाणी दिसू नये असं वाटलं, देव जाणे. डॉक्टरीण लिहून घेत होती. तेवढ्यात जमिनीवर बसलेली गिरजाबाई बोलली.

"मी मोडली. याच हातानं मोडली."

डॉक्टरीण रागावली नाही. तिने नीट विचारून घेतलं. दुखणं आधीपासून होतं का? होतं. कानातला आवाज आधीपासून? होता. पापणी? तीही. मग तिने सांगितलं की नळी बहुतेक बाळंतपणाच्या जोरानेच आधी फाटली असावी, ही सगळी त्याचीच लक्षणं. मान मोडल्याने जास्त बिघडलं असेल किंवा नसेलही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण यापुढे कुणाची मान मोडू नका, आणि कुठल्याही बाळंतिणीला असं दुखलं तर तेल लावत बसू नका, लगेच दवाखान्यात पाठवा.

माणसाला आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येतं म्हणतात. गिरजाबाईचं उलट झालं. आधी फाटली असावी, हे तिने ऐकलंच नाही.

रिता वाचली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा नळी भरून आली होती. पाय सुधारला, चालू लागली. उजवा हात मात्र अर्धाच आला, आणि बोलणं गेलं ते सावकाश, तुकड्यातुकड्यांनी परत आलं. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. एकदा किराणा दुकानात तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी हसलं. तेव्हापासून परक्या माणसांसमोर तिने तोंडच उघडलं नाही. माझ्या भिंतीपलीकडे आता शांतता असायची. मला ती सोसवत नसे, पण मी कुणाला सांगणार?

भोजराजने आईशी अबोला धरला, पण तिच्या हातच्या भाताशी नाही. दोन वेळा मुकाट जेवायचा आणि उठायचा. दिवाळीपर्यंत अबोलाही संपला. घर चालू लागलं. गिरजाबाई रोज सकाळी रिताचा उजवा हात मांडीवर घ्यायची आणि तेल लावायची, एकेक बोट ओढून, मनगट फिरवून. दवाखान्यात व्यायाम शिकवला होता, त्यात तिने आपलं तेल घातलं. मानेला मात्र बोट लावायची नाही. केससुद्धा रिताचे मी विंचरून द्यायचे.

आणि रिता त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. सासूवर राग नाही, रडणं नाही, टोमणा नाही. हे गिरजाबाईला खाऊ लागलं. ती मला विचारायची, "विमलाबाई, तुले काई बोलली का वो? तिले काय वाटते?" मी म्हणायचे, नाही बापा, मला काही बोलली नाही. तिला सुनेच्या तोंडून एकदा हो किंवा नाही ऐकायचं होतं. विचारायची हिंमत मात्र नव्हती. अख्ख्या गावाला आवाजाने हलवणारी बाई, घरातल्या घरात एक प्रश्न विचारू शकत नव्हती.

गावाने तर तिची आणखीच पंचाईत केली. वर्षभराने बायका पुन्हा बोलवायला लागल्या. तिने सांगितलं की तेल लावीन, मान मोडणार नाही, माझ्या सुनेचं असं झालं. तर बायका तिचीच समजूत घालायच्या. रिताच्या नशिबातच होतं म्हणायच्या. तिचं बीपी वाढलं असेल. अमावस्येला अंगणात आली असेल. आमच्या नाही का इतकी वर्षं माना मोडल्या, कुणाला काय झालं? दोष कुणी देईना. माझं स्पष्ट मत आहे की गावाने तिला चार शिव्या दिल्या असत्या तर ती लवकर बरी झाली असती. पण आपल्याकडे माणसाला माफ करायची फार घाई असते, कारण माफ केलं की त्याचं ऐकावं लागत नाही. समजूत घालून झाली की त्याच बायका मान पुढे करायच्या. तिने नाही म्हटलं की म्हणायच्या, म्हातारी कामचुकार झाली. काही घरं नव्यानेच तेल लावायला लागलेल्या रुखमिणीकडे गेली. रुखमिणी मान मोडायची, आणि आवाज चांगला काढायची.

नात अंगणवाडीत जाऊ लागली तेव्हा रिता सासूबरोबर कामाला निघाली. तेलाची वाटी डाव्या हातात धरून मागे मागे चालायची, लोकांच्या घरी भिंतीला टेकून बसायची, बाळ धरायची. बोलायची नाही. नव्या माणसाला ती मुकीच वाटे. गिरजाबाईने तिला बोलावलं नव्हतं. नकोही म्हटलं नाही. आपली चूक रोज आपल्यासोबत चालत यावी हे सोपं नसेल, पण सून घराबाहेर पडते आहे, हेही तिला दिसत होतं.

अशात सुमनबाईच्या घरी नातू झाला. सुमनबाई आणि डोमाजी आमच्या गावच्या बौद्ध वस्तीत राहतात. मुलगा संघपाल शहापूरला नोकरीला, सून मनाली. घर शिकलेलं, नीटनेटकं. मनाली दवाखान्यातून येऊन थोडे दिवस झाले होते. मी झबली घेऊन गेले तेव्हा दुपार होती, गिरजाबाईचं काम चालू होतं आणि रिता बाळाला घेऊन दाराशी बसली होती.

पाठ झाली, खांदे झाले. मनाली म्हणाली की दोन दिवसांपासून उजवी मान फार दुखून राहिली आहे आणि त्याच बाजूच्या कानात सूं सूं वाजते. गिरजाबाईचे हात तिच्या खांद्यावर होते ते तिथेच राहिले. ती पुढे आली, मनालीची हनुवटी बोटाने उचलून तोंड उजेडाकडे केलं. उजवी पापणी जरा खाली होती. मी रिताकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं.

गिरजाबाईने हात पुसले आणि सुमनबाईला म्हणाली की हिला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्या, मानेचा फोटो काढायला सांगा. सुमनबाईला ते पटेना. दवाखान्यातून आत्ताच तर आली, सगळं ठीक म्हणून सोडली, आणि साध्या मानेसाठी पुन्हा कुठे धावायचं, ओल्या बाळंतिणीला घेऊन? मान मोडून द्या म्हणजे झालं. गिरजाबाईने रिताचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सुमनबाईने शांतपणे ऐकलं आणि गावाने आजवर जे केलं तेच केलं. तिची समजूत घातली. मावशी, तुमच्या मनात भ्या बसलं आहे, म्हणाली. डॉक्टरनेच सांगितलं ना की तुमच्यामुळे नाही झालं. तुम्हाला होत नसेल तर राहू द्या, मी रुखमिणीला बोलावते. आणि ती खरंच उठली.

तेव्हा दाराशी आवाज झाला. मला आधी कळलंच नाही कुणाचा.

"आईनं मोडली," रिता म्हणाली. "माही... मान." मग थांबली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, कपाळावर शीर आली. "मोडली... म्हनून... मी अशी झाली."

मग तिने बाळ डाव्या हातात नीट घेतलं आणि उजवा हात वर केला, जेवढा वर जात होता तेवढा. बोटं वळलेलीच होती.

सुमनबाई दारातच उभी राहिली. तिने मनालीकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. डोमाजी बाहेर ओसरीवर होते, त्यांनी काही न विचारता संघपालला फोन लावला आणि गाडी बघायला गेले.

मनालीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. भंडाऱ्याहून तिलाही नागपूरला पाठवलं. नळी आतून फाटलेली निघाली, पण गुठळी पुढे गेली नव्हती. गोळ्यांवर भागलं. आज ती धडधाकट आहे आणि बाळ आमच्या अंगणात येऊन माझी रिळं पळवतं. सुमनबाई आता सगळ्यांना सांगते की बाळंतिणीची मान मोडू नये, आणि असं सांगते की जणू तिनेच शोध लावला. सांगू दे.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. आम्ही तिघी घरी निघालो. गिरजाबाई पुढे, मधे मी, मागे वाटी घेऊन रिता. धान कापून झालेलं होतं, बांधावरून चालताना पायाखाली ढेकळं फुटत होती. जे ऐकायला गिरजाबाई इतकी वर्षं थांबली होती ते तिने चार लोकांत ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही म्हणेल की डॉक्टरीण तर असं बोलली नव्हती, नळी आधीच फाटली होती. म्हणायला जागा होती. ती नाही म्हणाली.

तलावाच्या पाळीवर ती थांबली आणि मागे वळली.

"तुले खरंच तसं वाटते?"

"हव," रिता म्हणाली.

"मंग इतके वर्सं बोलली काहून नाही?"

रिताने विचार केला. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, पण मला वाटतं यावेळी शब्द तयार होते, फक्त बाहेर काढायचे होते.

"बोलली असती... तं तुमी..." तिने वाटी खाली ठेवली. "मले हात नसता लावला. मंग... माह्या हाताले... तेल कोनं लावलं असतं?"

गिरजाबाईने वाटी उचलली आणि चालू लागली.

सकाळी तेल लावून झालेलं होतं, तरी घरी येताच तिने पुन्हा तेल तापवलं. ओव्याचा वास माझ्या घरात आला. खाट सरकवल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने गिरजाबाईचं रडणं ऐकू आलं. तिच्या आवाजाच्या मानाने फार बारीक रडत होती. मधे रिता काहीतरी म्हणाली, एक शब्द, थांबून दुसरा, मग तिसरा. ती बोलतच राहिली.

मी मशीन सुरू केली. शिवायला काही नव्हतं, पण कुणी ऐकत नाही असं त्यांना वाटावं, म्हणून नुसतीच चालवत बसले.